बाथरूम रोज धुऊनही लघवीचा वास परत येतो तेव्हा

सकाळी फिनेल टाकून बाथरूम खसाखसा घासलं, तासभर बरं वाटलं, आणि दुपारी दार उघडलं की पुन्हा तोच नाकात झोंबणारा दर्प. पावसाळ्यात तर हा वास पॅसेजपर्यंत येतो. पाहुणे येणार म्हटलं की घरातल्या बाईचा जीव कासावीस होतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर कोणी काही न बोलताही सगळ्यांची नजर त्यांच्याकडे वळते. हे शेवटचं मला सर्वात जास्त खटकतं, कारण अशा वासाचं मूळ बहुतेक वेळा माणसात नसतं, सांध्यात आणि थरात असतं. ते शोधून काढलं की वास जातो. लागणाऱ्या वस्तूही महाग नाहीत, बऱ्याचशा किराणा दुकानातच मिळतात. पण वास कुठे बसलाय हे कळण्याआधी ओतलेली प्रत्येक बाटली वाया जाते.

वास येतो कुठून

निरोगी माणसाच्या ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात साधारण ९५ टक्के पाणी असतं, उरलेल्यात युरिया, क्षार, थोडं युरिक ॲसिड आणि इतर गोष्टी. फरशीवर, कमोडवर आणि जाळीखाली राहणारे जिवाणू या युरियाचं युरिएज नावाच्या विकराच्या (एंझाइमच्या) मदतीने विघटन करतात आणि त्यातून अमोनिया बाहेर पडतो. डोळ्यांना झोंबतो तो हाच. उकाड्यात हे काम झपाट्याने होतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तक्रारी वाढतात. त्या दिवसांत घाम जास्त जातो, पाणी कमी पडतं, त्यामुळे लघवीही गडद असते.

पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अमोनियामुळे तिथला ओलावा अल्कधर्मी होतो, आणि अल्कधर्मी ओलाव्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. ते खाली बसतात आणि पिवळट-पांढरा, हाताला खरखरीत लागणारा थर जमतो. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर हा थर आणखी लवकर साचतो, कारण पाण्यातलाही कॅल्शियम त्यात भर घालतो. थर सच्छिद्र असतो. त्यात नवी लघवी मुरते, जिवाणूंना घर मिळतं आणि वास तयार होतच राहतो. साबणाने आणि फिनेलने या थराला काहीही होत नाही. वरून सुवास येतो, तो उडून गेला की खालचा वास परत वर.

युरिक ॲसिड तर पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लिटरभर गार पाण्यात जेमतेम ६० मिलिग्रॅम जातं. बादल्यांवर बादल्या पाणी ओतूनही वास का जात नाही, त्याचं हे दुसरं कारण. थर सुकला की वास दबतो, हवा दमट झाली किंवा कोणी अंघोळ केली की तो पुन्हा भिजतो आणि वास उठतो. अंघोळीनंतर वास जास्त येत असेल तर हे बहुधा जुन्या थराचंच लक्षण आहे.

आधी वास ओळखा

बाथरूमचं दार आणि खिडकी रात्रभर बंद ठेवा, एक्झॉस्ट लावू नका, आणि सकाळी कोणी आत जायच्या आधी दार उघडून वास घ्या. डोळ्यांत पाणी आणणारा, झोंबणारा वास असेल तर तो अमोनियाचा, म्हणजे लघवीचाच. सडलेल्या अंड्यासारखा वास असेल तर तो गटाराचा वायू आहे आणि त्यावर कितीही व्हिनेगर ओतलं तरी उपयोग नाही. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास असेल तर बुरशी किंवा न वाळलेलं पायपुसणं बघा.

गटाराच्या वासाचा निकाल लगेच लागतो. फरशीवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहायला हवं. तेच पाणी खालच्या पाइपातली हवा वर येऊ देत नाही. बाथरूम काही दिवस वापरलं नसेल तर हे पाणी उडून जातं. अशा वेळी तांब्याभर पाणी ओता आणि तासाभराने पुन्हा वास घ्या. वास गेला तर दुखणं सापडलं. गावाला जाताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल सोडलं तर तेलाच्या पातळ थरामुळे पाणी लवकर उडत नाही. ट्रॅपमध्ये पाणी असूनही वास येत असेल तर जाळी काढून आतला केसांचा, साबणाचा गाळ काढा. तोही बराच कुजलेला असतो. शंका राहिली तर जाळीवर ओली प्लास्टिकची पिशवी अंथरून कडेने चिकटपट्टी लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वास कमी असेल तर तो तिथूनच येत होता.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, चाळींत आणि पुष्कळ फ्लॅटमध्येही संडास वेगळा आणि न्हाणीघर वेगळं असतं. रात्री लहान मुलं आणि वयस्कर माणसं संडासापर्यंत जाण्याऐवजी न्हाणीघरातच लघवी करतात. त्यात गैर काही नाही, पण तिथे फ्लश नसतो. तांब्याभर पाणी टाकलं तरी फरशीचा उतार नीट नसेल तर लघवी जाळीपर्यंत न पोचता कोपऱ्यात राहते. अशा घरात वासाचं पहिलं ठिकाण जाळी आणि तिच्या भोवतालची वीतभर फरशी. बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघा. थांबतं तिथेच वास मुरलेला असतो.

लघवी लपते कुठे

फरशीचा मधला भाग सगळेच घासतात. वास तिथे नसतोच. गुडघ्यावर बसून पुढच्या जागा तपासा.

कमोडच्या सीटचे मागचे स्क्रू आणि बिजागर. सीट काढल्याशिवाय तिथे ब्रश पोचत नाही. बऱ्याच सीटना खालून प्लास्टिकचा नट असतो, तो हाताने फिरवला की सीट सुटते. पहिल्यांदा काढाल तेव्हा खालचा पिवळा चिकट थर बघून आतापर्यंतचा सगळा वास कुठून येत होता ते कळेल. त्यानंतर सीटचा खालचा भाग आणि त्यावरची रबरी बटणं. मग कमोडच्या कडेखालची, पाणी सुटतं ती भोकं. एखादा छोटा आरसा धरला की तिथे साचलेला दगडासारखा थर दिसतो.

कमोडचा पाय जिथे फरशीला टेकतो तिथला पांढरा सिमेंट हा माझ्या मते सर्वात मोठा गुन्हेगार. उभं राहून लघवी करताना उडणारे थेंब कमोडच्या बाजूने ओघळून नेमके तिथे जमतात आणि सिमेंट ते शोषून घेतो. भारतीय संडासात हीच गोष्ट भांडं आणि फरशी यांच्या जोडाला आणि पावलं ठेवायच्या जागेच्या कडांना लागू होते.

कमोडशेजारची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत. फरशीचे सांधे. दाराचा खालचा काठ. प्लायवूडचं दार असेल आणि खालून फुगलं असेल तर ते लघवी मिसळलेलं पाणी पीत आलेलं असतं. संगमरवरी उंबरा. प्लास्टिकच्या बादलीचं बूड, स्टुलाचे पाय, पाण्याचा मग अडकवायचा हूक, वॉशिंग मशीनच्या खालची जागा. पायपुसणं. टॉयलेट ब्रश ज्या डब्यात ठेवतात त्यात साचलेलं पाणी. आणि ज्या फडक्याने किंवा मॉपने हे सगळं पुसलं जातं ते स्वतः. मॉप उन्हात कडक वाळवला जात नसेल तर तो स्वच्छ करत नाही, वास सगळीकडे पसरवतो.

नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली अल्ट्राव्हायोलेट टॉर्च स्वस्तात मिळते. रात्री दिवा घालवून तिचा प्रकाश टाकला की वाळलेली लघवी पिवळट-हिरवट चमकते. कपड्यांच्या पावडरीचे डाग निळसर-पांढरे चमकतात, त्यांच्यात गल्लत करू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर ही टॉर्च फार कामाची.

काय कशावर चालतं

थर क्षारांचा आहे, म्हणून त्याला आंबट पदार्थ लागतो. घरातलं पांढरं व्हिनेगर ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचं असतं. ते चालतं, पण त्याचाही वास येतो. माझी पसंती सायट्रिक ॲसिडला, म्हणजे ढोकळ्यात घालतो त्या लिंबूफुलाला. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, विरघळवा. जुन्या जाड थरासाठी दुप्पट घ्या. वास नाही, धूर नाही, आणि स्टीलच्या जाळीवर डाग पडत नाहीत.

आंबट पदार्थ दोन कामं करतो. थर विरघळवतो, आणि हवेत उडणाऱ्या अमोनियाला पाण्यातच पकडून ठेवतो, म्हणून वास लगेच कमी होतो. इथेच फसगत होते. वास गेला म्हणून आपण पाच मिनिटांत पाणी ओततो, थर तसाच राहतो आणि दोन दिवसांनी वास परत येतो. वेळ द्यावाच लागतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फेस काढायचा सल्ला सगळीकडे दिला जातो. फेस दिसतो खरा, पण त्या फेसात दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने थराला काही होत नाही. सोडा वापरायचाच असेल तर वेगळा, घासायची पावडर म्हणून वापरा. धुण्याचा सोडा मात्र लघवीच्या डागावर टाकला तर वास आधी वाढतो, कारण तीव्र अल्कधर्मी पाण्यात अमोनिया बाहेर ढकलला जातो. घाबरू नका, ती त्याची रीत आहे. धुण्याच्या सोड्याचा खरा उपयोग तेलकट, चिकट मळ आणि युरिक ॲसिड यांच्यावर होतो, कारण युरिक ॲसिड अल्कधर्मी पाण्यात जास्त विरघळतं. म्हणजे क्षारासाठी आंबट आणि मळासाठी सोडा, पण दोन्ही वेगवेगळ्या वेळी, मधे भरपूर पाण्याने धुऊन.

तुरटी घरात असते. तिचं पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे रोजच्या शिंपडण्याला चालतं, जुना थर काढायला मात्र ती पुरत नाही. लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी ३:१:१० या प्रमाणात तीन महिने आंबवून केलेलं बायो-एंझाइम अलीकडे पुष्कळ घरांत असतं. ते चांगलं आहे. त्याचं काम मुख्यतः आंबटपणामुळे होतं, तेव्हा त्याला रोजच्या धुण्यासाठी ठेवा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे खास विकरयुक्त क्लीनर वेगळे. ते युरिक ॲसिड फोडतात. पण ते टाकल्यावर जागा काही तास ओली राहायला हवी, आणि आधी ब्लीच किंवा ॲसिड वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन मगच टाकावेत, नाहीतर विकर निकामी होतात.

डांबराच्या गोळ्यांनी वास फक्त झाकला जातो. जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटू शकतात, आणि लहान मूल ती गोळी गोड समजून तोंडातही घालू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात मी त्या ठेवूच नका असं सांगेन.

हे कधीही एकत्र करू नका

हा भाग घाईत वाचू नका. ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच, आणि संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर, हे एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. लघवीने माखलेल्या फरशीवर सरळ ब्लीच ओतलं तरी थोड्या प्रमाणात हेच होतं, आणि खोकला सुरू होतो तो त्यामुळेच. आपली बाथरूमं लहान असतात, खिडकी म्हणजे फूटभर झरोका. संडासचं निळं, ॲसिडवालं क्लीनर टाकून त्यावर ‘जरा जास्त स्वच्छ व्हावं’ म्हणून ब्लीचिंग पावडर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगा, कारण हा धोका सर्वात जास्त त्यांना असतो. डोळे चुरचुरले किंवा छातीत आवळल्यासारखं झालं तर बाटल्या आवरत बसू नका, बाहेर मोकळ्या हवेत या. दम लागला तर सरळ दवाखाना गाठा.

ब्लीच वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, आधी सगळं साध्या पाण्याने धुऊन, खिडकी-दार उघडं ठेवून. खरं सांगायचं तर लघवीच्या वासासाठी त्याची फारशी गरज पडत नाही, कारण ब्लीच क्षाराचा थर काढत नाही, त्याला पांढरा तेवढा करतं. थर दिसेनासा होतो आणि वास तिथेच राहतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमध्ये मिळतं. ते ३ टक्क्यांपर्यंत पातळ करून शेवटच्या टप्प्यात वापरता येतं, पण व्हिनेगरबरोबर एकाच बाटलीत भरू नका.

फरशी कोणती ते बघा

शहाबादी, कोटा, कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच कुळातला. त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबूफूल टाकलं की दगडच झिजतो, पॉलिश जाते, आणि खडबडीत झालेल्या जागेत लघवी आधीपेक्षा जास्त मुरते. अशा फरशीवर साधा साबण, कोमट पाणी आणि शेवटी पातळ पेरॉक्साइड, एवढंच. आंबट पदार्थ फक्त कमोडच्या आत आणि सिरॅमिकवर. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलना काही होत नाही, पण त्यांच्यामधले सांधे सिमेंटचे असतात. म्हणून आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ॲसिड आत खोल मुरत नाही, आणि सांध्यांवर दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

दारावर येणारे विक्रेते देतात ते बिनलेबलचं ॲसिड अजिबात नको. ते किती तीव्र आहे ते कळत नाही, त्याने सांधे उखडतात, नळांची चकाकी जाते, आणि बाटली चुकून कोणाच्या हाताला लागली तर जन्माचं दुखणं. मुलांच्या हाती लागेल अशा थंड पेयाच्या बाटलीत कोणतंच रसायन भरू नका.

आता प्रत्यक्ष काम

सुट्टीची सकाळ घ्या, म्हणजे दोन-तीन तास बाथरूम वापरायला लागणार नाही. रबरी हातमोजे घाला, एक्झॉस्ट लावा. सगळ्या बादल्या, मग, स्टूल, पायपुसणं बाहेर काढा. बादल्यांची बुडं लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवा. कमोडची सीट काढून तीही त्यातच.

आधी साबणाच्या कोमट पाण्याने सगळं एकदा घासून धुवा. तेलकट थर वर असेल तर आंबट पदार्थ खाली पोचत नाही, म्हणून हा टप्पा टाळू नका. पाणी कोमटच हवं. उकळतं पाणी कमोडमध्ये ओतलं तर सिरॅमिकला तडा जाऊ शकतो आणि पीव्हीसीचे पाइप मऊ पडतात.

मग कमोडच्या आतलं पाणी ब्रशने जोर देऊन पलीकडे ढकला, पातळी खाली जाईल. त्यात तीन-चार मोठे चमचे लिंबूफूल टाका. कडेखालच्या भोकांना पातळ द्रव लावून उपयोग नाही, तो घरंगळतो. जुन्या सुती फडक्याच्या पट्ट्या किंवा टिश्यू लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवून कडेखाली दाबून बसवा. ओली मेहंदी हातावर ठेवतो तशा त्या ठेवून द्यायच्या असतात. अर्धा तास तरी. थर जुना असेल तर कमोडच्या आतलं मिश्रण रात्रभर राहू द्या. कमोडच्या पायाभोवतीही भिजवलेली पट्टी गुंडाळा, पण तिथे सिमेंट असतो म्हणून दहा मिनिटांतच काढा, आणि फरशी चुनखडीची असेल तर हे करू नका.

नंतर पट्ट्या काढा, ताठ ब्रशने घासा आणि फ्लश करा. हाताला अजून खरखरीत लागत असेल तर पुन्हा तेच. लोखंडी सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. सिरॅमिकवर चरे पडले की पुढचा थर त्याच चऱ्यांत बसतो. भिंत, दाराचा काठ, सीटच्या बिजागराची जागा हे सगळं स्प्रेने फवारून, थांबून, पुसून घ्या. नहाणी ट्रॅपची जाळी काढून तीही भिजवा आणि ट्रॅपच्या आतल्या कडा घासा.

शेवटी भरपूर साध्या पाण्याने धुवा. सांधे उरलेच असतील तर त्यांच्यावर पातळ पेरॉक्साइड दहा-पंधरा मिनिटं. मग वायपरने पाणी जाळीकडे ओढा आणि फरशी कोरडी होईपर्यंत पंखा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. कोरडेपणा हा या कामाचा निम्मा भाग आहे, कारण ओलाव्याशिवाय जिवाणूंना काम करता येत नाही.

एवढं करूनही वास आला तर

तर मामला धुण्याचा नाही, दुरुस्तीचा आहे. कमोडच्या पायाचा पांढरा सिमेंट भेगाळला असेल तर तो खरवडून काढा, जागा दोन दिवस कोरडी पडू द्या आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. मागच्या बाजूला बोटभर जागा सिलिकॉनशिवाय सोडावी, म्हणजे पुढेमागे आतून गळती झाली तर ती दिसते.

खालून गळती आहे का हे घरच्या निळीने कळतं. कमोडमध्ये कपड्याची नीळ टाका, दोन-तीनदा फ्लश करा आणि पायाच्या कडेला कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू निळा झाला तर जोड गळतोय आणि प्लंबरला पर्याय नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली असेल तर हे आणखी लवकर करा.

टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर खालचा सिमेंटचा मसाला सुटलेला आहे आणि सांध्यांतून झिरपलेलं पाणी त्या पोकळीत साठतंय. वरून कितीही धुतलं तरी ते बाहेर येणार नाही. तेवढ्या टाइल काढून पुन्हा बसवाव्या लागतात. तेव्हाच सांध्यांत इपॉक्सी भरून घ्या. महाग पडतं, पण ती पाणी शोषत नाही, आणि लहान मुलं-म्हातारी माणसं असलेल्या घरात हा खर्च मला योग्य वाटतो. फरशीचा उतार चुकला असेल तर तोही याच वेळी दुरुस्त होतो.

गावाकडे सेप्टिक टँक असेल तर ॲसिड आणि ब्लीचचा मारा करू नका, टाकीतले जिवाणू मरतात आणि मग टाकीचाच वास सुरू होतो. लिंबूफुलाचं अधूनमधून वापरलेलं पाणी तिला चालतं.

घरातल्या माणसांबद्दल

वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटमुळे लघवी अडखळत होते, धार बारीक होते, थेंब बाहेर पडतात. त्यांना ते कळतं आणि त्याची लाजही वाटते. टोचून बोलण्याने नेम सुधारत नाही. उलट पाणी कमी पिणं सुरू होतं आणि त्रास वाढतो. बसून लघवी करण्याची सोय करून द्या. कमोडशेजारी धरायला दांडा बसवा, रात्री मंद दिवा ठेवा, आणि ‘अण्णा, रात्री उभं राहू नका, तोल जातो, आम्हाला काळजी वाटते’ असं खऱ्या कारणासह सांगा. पडण्याचा धोका खराच असतो, आणि बसल्याने शिंतोडेही थांबतात. हेच घरातल्या तरण्या पुरुषांनीही केलं तर साफसफाईचा निम्मा बोजा कमी होतो. जो शिंतोडे उडवतो त्याने पुसावं, हेही मुलाला लहानपणीच शिकवायला हवं.

अंथरुणाजवळ युरिन पॉट वापरत असाल तर तो रोज रिकामा करून साध्या पाण्याने धुतला जातो, आणि तरी त्याला वास येतो. आतली पांढरी पुटं बघा. तोच थर आहे. आठवड्यातून एकदा त्यात लिंबूफुलाचं पाणी भरून रात्रभर ठेवा आणि झाकण उघडं टाकून उन्हात वाळवा. लघवीने भिजलेले कपडे, दुपटी, पँट बादलीत साठवून ठेवू नका. लगेच गार पाण्यात काढा, आणि धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला.

मांजर असेल तर काळं-पांढरं फिनेल फरशीवर वापरू नका. त्यातली रसायनं मांजरांना विषारी असतात, आणि ती पाय चाटतात.

कधी वास बाथरूमचा नसून लघवीचाच बदललेला असतो. अचानक फार उग्र किंवा घाण वास, जळजळ, ताप, गढूळपणा असेल तर संसर्गाची शक्यता आहे. लघवीच्या जागी मुंग्या लागत असतील तर साखर तपासून घ्या. काही औषधांनी, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीही वास आणि रंग बदलतो. म्हातारपणी संसर्गात जळजळ होईलच असं नाही, नुसता गोंधळलेपणाही येतो, म्हणून वासातला बदल हलक्यात घेऊ नका.

नंतर रोज काय

फार काही नाही. रात्री झोपण्यापूर्वी जाळीत आणि कमोडभोवती तांब्याभर पाणी, मग वायपर. आठवड्यातून एकदा लिंबूफुलाचं पाणी स्प्रेमध्ये भरून सीटखाली, कमोडच्या पायाशी आणि गुडघ्याइतक्या भिंतीवर. दहा मिनिटांनी धुऊन कोरडं. महिन्यातून एकदा सीट काढून बिजागर. स्प्रेच्या बाटलीवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवा, म्हणजे दुसरं कोणी त्यात ब्लीच भरणार नाही.

आणि खात्री करून घ्यायची असेल तर मोठ्या सफाईनंतर आठवड्याने, दमट हवेच्या दिवशी, बाथरूम रात्रभर बंद ठेवा. सकाळी फरशीवर मगभर कोमट पाणी शिंपडून दार लावा, दहा मिनिटांनी आत जाऊन वास घ्या. वास नसेल तर थर निघालाय. थोडा जरी आला तरी गुडघ्यावर बसा आणि नाक जिथे थांबेल त्या सांध्यापासून पुन्हा सुरुवात करा.